खबर आधी गोठ्यात लागते

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या : खालापूर तालुक्यातील एका महिला बचत गटाच्या सदस्या)



आम्ही खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या निम्म्या जणींचं माहेर कर्जतकडचं. त्यामुळे महिन्याच्या बैठकीला दोन्ही तालुक्यांतल्या गोष्टी निघतात. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या कोंबड्या मेल्या, कुठल्या वाडीला पाणी नाही, सगळं कळतं. आज आम्हाला गुरांवर नव्याने येणाऱ्या साथींबद्दल बोलायला सांगितलंय. माहिती आम्ही देणारच आहोत. पण त्याआधी आमची एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा आम्हाला हक्क नाही, असं आमचं सगळ्यांचं ठरलं.

गोष्ट २०२२ च्या सप्टेंबरमधली. पितृपक्ष चालू होता, घटस्थापनेला आठवडा राहिला होता. हळवं भात निसवलं होतं. आमच्यातल्या एका ताईने दोन वर्षांपूर्वी गटाकडून कर्ज घेऊन संकरित गाय आणली होती. गाय गुणी होती. सकाळ-संध्याकाळचं दूध खोपोलीच्या रस्त्यावर दोन चहावाल्यांकडे आणि काही घरी जायचं. हप्ता कधी चुकला नाही.

एका सकाळी ताई धार काढायला बसली तर दूध रोजच्यापेक्षा लिटर-दीड लिटर कमी. गायीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गव्हाणीतलं आंबोण तसंच होतं. ताईला वाटलं, पावसाचं गवत बाधलं असेल. दुसऱ्या दिवशी मानेवरून हात फिरवताना दोन गाठी लागल्या, सुपारीएवढ्या. संध्याकाळी तिने आम्हाला सांगितलं.

तेव्हा टीव्हीवर, मोबाईलवर रोज लम्पी लम्पी चालू होतं. गुरांचे बाजार सरकारने बंद केले होते. आम्हाला काही माहीत नव्हतं असं नाही. तरी आम्ही तिला काय सांगितलं? "आत्ता बोलू नकोस. नवरात्र आलंय, दुधाला मागणी आहे. एकदा का नाव झालं की तुझ्या दारात दुधाला कुणी उभं राहणार नाही. दोन-चार दिवस बघ, गाठी बसतील." आमच्या मनात गटाचे पैसेही होते. गाय गेली तर कर्ज कसं फिटणार? हा विचार कुणी तोंडाने बोललं नाही, पण होता.

तिच्या मालकांनी औषधाच्या दुकानातून एक इंजेक्शन आणून टोचून घेतलं. गाय रोजच्यासारखी चरायला जात राहिली. चार दिवस ती वाडीच्या सगळ्या गुरांबरोबर माळावर होती, एकाच ओढ्यावर पाणी पीत होती. पाचव्या दिवशी तिच्या अंगभर गाठी आल्या, पुढच्या पायाला सूज आली, बसली ती उठेना. तेव्हा आम्ही दवाखान्यात फोन केला.

डॉक्टर त्याच दिवशी आले. गाय वेगळी बांधायला लावली, औषध सुरू केलं, आजूबाजूच्या गुरांना लस टोचली. गाय वाचली, पण तिचं दूध पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. आणि नऊ-दहा दिवसांनी शेजारच्या म्हातारीच्या दोन बैलांपैकी एकाच्या अंगावर गाठी उठल्या. लस टोचून झाली होती, पण लस अंगात मुरायला तीन आठवडे लागतात. बैल गेला.

बैल मातीत गेला त्या दिवशी म्हातारी आमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं होतं गं?"

आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही.

डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं की त्या बैलाला आजार नेमका आमच्याच गायीकडून आला असं कुणी सांगू शकत नाही. डास आणि माशी कुणाच्या गोठ्यातून आली ते लिहून ठेवत नाही. तसं असेलही. पण ते चार दिवस आमचे होते, आणि ते आम्ही गप्प बसून घालवले. म्हातारीला सरकारची मदत मिळाली. मात्र पुढच्या पावसात तिच्या दावणीला एकच बैल होता, आणि एका बैलाने नांगर चालत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आज एवढंच सांगायला आलोय. साथीची पहिली खबर डॉक्टरला लागत नाही, ग्रामपंचायतीला लागत नाही, टीव्हीला तर नाहीच नाही. ती धार काढणाऱ्या, शेण काढणाऱ्या, कोंबड्या सोडणाऱ्या बाईला लागते. ती खबर आपल्या हातातून पुढे किती लवकर जाते, त्यावर वाडीच्या गुरांचं भलंबुरं ठरतं.

आता हा लम्पी कुठून आला ते थोडक्यात सांगतो. हा विषाणूचा आजार आहे, देवीच्या जातीतल्या विषाणूचा. पहिल्यांदा तो १९२९ साली आफ्रिकेत झांबियात दिसला. कित्येक वर्षं तो आफ्रिकेतच होता. आपल्या देशात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात आढळला. २०२० मध्ये आपल्या राज्यात गडचिरोलीकडे आला. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसला, तो बघता बघता राज्यभर गेला. त्या वर्षी देशात लाखाच्या वर गुरं दगावली. राजस्थान, गुजरातमध्ये तर फारच.

जळगाव आमच्यासाठी लांबचं गाव. "तिकडचं आहे, घाट उतरून थोडंच येणार?" असं आम्हीही म्हणत होतो. पण आपला मुलूख कसा आहे बघा. मुंबई-पुण्याचे दोन्ही रस्ते खालापुरातून जातात. कोंबड्यांच्या, गुरांच्या गाड्या रात्रंदिवस आपल्या दारावरून धावतात. कर्जतच्या वर मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, तिथे बैल कुठून कुठून येतात. त्यात माथेरान-भीमाशंकरच्या पायथ्याचा आपला पाऊस. चार महिने गोठा ओला, शेणाचा चिखल, डास, गोमाशा, गोचिडी. लम्पी पसरतो तो मुख्य करून याच चावणाऱ्या किड्यांमुळे. आजारी जनावराचं रक्त पिऊन तोच डास शेजारच्या गोठ्यात जातो. म्हणजे आजाराला जे जे लागतं ते सगळं आपल्याकडे तयार असतं.

एक दिलासा आहे, तो आधी सांगून टाकतो, कारण त्याच्या भीतीनेच सगळं लपवलं जातं. लम्पी माणसाला होत नाही. गाठी असलेल्या गायीला हात लावून, तिचं शेण काढून आपल्याला काही होत नाही. दूध नीट उकळून प्यायलं तर त्यानेही काही होत नाही. ज्या चहावाल्याच्या भीतीने आम्ही गप्प बसलो, त्याला हे चार शब्द सांगितले असते तर कदाचित त्याने दूध घेतलंही असतं. आम्ही सांगूनच पाहिलं नाही.

आता रोज काय बघायचं ते ऐका. वेगळा वेळ काढायला नको. धार काढताना, चारा टाकताना जे करता तेच, फक्त लक्ष देऊन.

पहिलं दूध. रोजच्या मापात एकाएकी घट आली की कारण शोधा. बहुतेक वेळा ताप गाठीच्या आधी येतो आणि दूध तापाबरोबर उतरतं.

दुसरं तोंड आणि डोळे. निरोगी गायीची नाकपुडी ओलसर असते. ती कोरडी पडलीय का? नाकातून, डोळ्यांतून पाणी येतंय का? तोंडातून लाळ गळतेय का? रवंथ थांबलाय का?

तिसरं अंग. मानेवरून, पाठीवरून, कासेवरून, शेपटीच्या बुडाशी हात फिरवा. लम्पीच्या गाठी गोल, टणक, थोड्या वर आलेल्या असतात. सुपारीपासून लिंबाएवढ्या. डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागतात. पुढच्या खांद्यासमोर आणि मागच्या मांडीपुढे ज्या गाठी सगळ्याच जनावरांना असतात, त्या या आजारात सुजून मोठ्या होतात.

चौथं पाय. पायाला, गळ्याखालच्या पोळीला सूज आलीय का, लंगडतंय का? खुरांमध्ये फोड आणि तोंडात फोड असं दोन्ही दिसलं तर तो लाळ्या-खुरकूत असू शकतो. तोही विषाणूचाच आणि कळवण्यासारखाच.

पाचवं गाभण जनावर. कारण नसताना गाभ पडला तर तो नुसता नशिबाचा भाग समजू नका. सांगा.

वासरांकडे जास्त लक्ष द्या. संकरित गायी आणि लहान वासरं यांना लम्पी जास्त जड जातो. म्हशींना तो क्वचित होतो.

आता शंका आली तर पहिल्या दिवशी काय करायचं? तीन कामं. जनावर वेगळं बांधायचं, शक्य तेवढं लांब. चरायला सोडायचं नाही, ओढ्यावर न्यायचं नाही, पाणी घमेल्यात जागेवर द्यायचं. त्याचं दावं, घमेलं, बादली दुसऱ्या जनावराला वापरायची नाही. निरोगी जनावरांचं काम आधी करायचं, आजारी जनावराचं शेवटी, आणि मग हातपाय साबणाने धुवायचे. हे पहिलं काम.

दुसरं काम फोनचं. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा फुकट लागणारा नंबर आहे. नाहीतर आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. पशुसखी गावात असेल तर तिला सांगा. फोनवर काय सांगायचं तेही आम्ही पाठ केलंय : गाव आणि वाडी कोणती, घरात गुरं किती, त्यातली आजारी किती, कधीपासून, काय काय दिसतंय, आणि गेल्या महिन्यात बाहेरून नवं जनावर आणलं होतं का. मोबाईलवर गाठींचा फोटो काढून पाठवता आला तर फारच चांगलं.

तिसरं काम, शेजारणीला सांगायचं. हे सगळ्यात अवघड. पण तिने त्याच दिवशी आपली गुरं बाजूला घेतली, गोठ्यात धुरी केली, तर तिचं नुकसान वाचतं.

कळवणं ही नुसती माणुसकी नाही, कायदाही आहे. जनावरांच्या सांसर्गिक रोगांसाठी २००९ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्यात लिहिलंय की कायद्याच्या यादीतला रोग झाल्याची शंका आली तर मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावाच्या अधिकाऱ्याला कळवायचं, त्यांनी ते डॉक्टरपर्यंत पोचवायचं, आणि आजारी जनावर वेगळं ठेवायचं. आजार पक्का झालाच पाहिजे असं नाही. शंका पुरे. पुष्कळ बायांना वाटतं, "खोटं ठरलं तर लोक हसतील." हसू देत. दहा फोनमधले नऊ साधे निघाले तरी दहावा वाडीला वाचवतो.

फोननंतर काय होतं, तेही माहीत असलं की भीती जाते. डॉक्टर येऊन जनावर तपासतात. गाठीची खपली, नाकातला द्राव, रक्त असे नमुने घेतात आणि बर्फात घालून तपासणीला पाठवतात. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि भोपाळला अशा आजारांसाठी देशाची मोठी प्रयोगशाळा आहे. जिथे आजार सापडला त्याच्याभोवती पाच किलोमीटरमधल्या निरोगी गुरांना लस दिली जाते. २०२२ मध्ये ती फुकट दिली. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली, कारण दोन्ही विषाणू एकमेकांचे भाऊबंद आहेत. लस निरोगी जनावरालाच द्यायची, आणि दर जनावराला सुई बदलायची. सुई बदलतायत का ते आपण उभं राहून बघायचं. त्यात डॉक्टरांना राग येत नाही.

आमची दुसरी चूकही सांगतो. दुकानातून आणलेलं ते इंजेक्शन. विषाणूला मारणारं औषध लम्पीवर नाही. ताप उतरवायला, जखमेत दुसरा जंतू शिरू नये म्हणून डॉक्टर औषध देतात, पण ते बघून, मापाने. आपण अंदाजाने टोचलं की पैसे जातात, दिवस जातात आणि लक्षणं झाकली जातात. घरी करायचं ते असं : मऊ हिरवा चारा, गूळ घातलेलं पाणी, फुटलेल्या गाठी स्वच्छ धुऊन माशी बसू न देणं. हळद, कडुनिंब लावायला हरकत नाही, पण डॉक्टरच्या औषधाबरोबर, औषधाऐवजी नाही.

वाडीतल्या थोरल्या बायका म्हणाल्या, ही देवी आली आहे, तिला राग येईल असं काही करू नका. आम्ही त्यांच्याशी भांडलो नाही. माणसांची देवी आली होती तेव्हाही लोक आईची पूजा करत होते आणि दंडावर लसही टोचून घेत होते. तिचे व्रण आमच्या आज्यांच्या दंडावर आम्ही पाहिलेत. ओटी भरा, दिवा लावा, आणि लसही द्या. आजीबाईंना हे पटलं.

गोठ्याची निगा तुम्हाला सांगायला नको, पण पावसाळ्यात तेवढंच आपल्या हातात असतं. मूत-पाणी वाहून जाईल असा उतार ठेवा. शेणखड्डा गोठ्यापासून लांब करा. संध्याकाळी कडुनिंबाची धुरी करा. गोचिडी हाताने काढून तिथेच टाकू नका, जाळा. आजारी जनावराच्या वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभरही टिकतो, म्हणून जागा फिनेल किंवा जंतुनाशकाने धुवा. जनावर दगावलं तर ओढ्यात किंवा माळावर टाकू नका. विहीर-ओढ्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

आणि पुरायच्या आधी डॉक्टरांना बोलवा. पंचनामा झाल्याशिवाय मदत मिळत नाही. २०२२ च्या साथीत राज्य सरकारने दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. आज काय आहे ते दवाखान्यात विचारा. पण एक कायमचं लक्षात ठेवा : जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला हवा. तो बिल्ला म्हणजे जनावराचं आधार कार्ड. त्यावर लसीची, मालकाची नोंद असते. बिल्ला नाही म्हणजे कागदावर जनावरच नाही. "कान दुखेल" म्हणून बिल्ला मारू न देणाऱ्या बाया आम्हीही होतो.

गायी-बैलांचं झालं. आता कोंबड्या-शेळ्यांकडे येऊ, कारण त्या तर आपल्याच नावावरच्या असतात.

बर्ड फ्लू आपल्या देशात पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लांब वाटतं ना? २०२२ मध्ये तो शहापूर तालुक्यात वेहळोलीला आला. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच रायगडात, उरणच्या चिरनेरला. आणि कर्जत-खालापुरात पोल्ट्री किती आहेत ते तुम्ही जाणता. खुराड्यात एकाएकी, एका-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरा निळा-काळा पडला, मान-डोकं सुजलं, किंवा आसपास कावळे, बदकं मरून पडलेली दिसली, तर त्याच वेळी कळवा. इथे मात्र लम्पीसारखं नाही. हा आजार क्वचित माणसालाही होतो. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, हातात प्लास्टिकची पिशवी घाला, तोंडाला रुमाल बांधा. आणि "वाया कशाला घालवायची" म्हणून आजारी कोंबडी कापू नका. निरोगी कोंबडीचं मटण, अंडी नीट शिजवून खायला भीती नाही.

बर्ड फ्लू ठरला की एक किलोमीटरमधल्या कोंबड्या माराव्या लागतात आणि दहा किलोमीटरवर पाळत ठेवतात. त्याची भरपाई मिळते, पण जिवंत असताना नोंद झालेल्या कोंबडीची. लपवून ठेवलेल्या आणि मरून गेलेल्या कोंबडीची नाही. म्हणजे इथेही गप्प बसणारीचाच तोटा.

शेळ्यांना पीपीआर होतो. ताप, नाका-डोळ्यांतून घट्ट द्राव, तोंडात फोड, मग हगवण. शेळ्यांचं एक कुटुंब एका आठवड्यात रिकामं होतं. यावर चांगली लस आहे आणि ती एकदा दिली की काही वर्षं पुरते. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधून मगच आपल्या कळपात घाला.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, एका वाडीच्या फोनने काय होतंय? तर दोन गोष्टी सांगतो.

बंगळुरूला निवेदी नावाची सरकारी संस्था आहे. कुठल्या जिल्ह्यात जनावरांचा कुठला आजार येऊ शकतो, याचा अंदाज ती दोन महिने आधी देते. हा अंदाज कशावरून काढतात? हवा-पावसावरून, आणि आधी कुठे कुठे आजार नोंदला गेला त्यावरून. जिथून कुणी कळवलंच नाही, ते गाव त्यांच्या नकाशावर निरोगी दिसतं. मग तिकडे लस कशाला आधी येईल? आम्ही चार दिवस गप्प बसलो तेव्हा आमची वाडी नकाशावर निरोगी होती.

दुसरी गोष्ट बुळकांडीची. तरुण मुलींनी हा शब्द ऐकलाही नसेल. आपल्या आज्या-पणज्यांना तो नुसता ऐकला तरी घाम फुटायचा. बुळकांडी गावात शिरली की दावणी रिकाम्या व्हायच्या. त्या साथींच्या धसक्याने इंग्रजांनी १८८९ मध्ये पुण्याला जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. पुढे ती उत्तरेत नेली, आणि आज ती देशाची मोठी पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. लस आली, वर्षानुवर्षं टोचली. पण नुसत्या लसीने बुळकांडी संपली नाही. शेवटच्या काळात गावोगाव जाऊन विचारलं गेलं : इथे असं जनावर कुणी पाहिलंय का? लोकांनी सांगितलं म्हणून उरलेसुरले ठिकाण सापडले. आपल्या देशात १९९५ नंतर बुळकांडी दिसली नाही, आणि २०११ मध्ये ती साऱ्या जगातून गेली. माणसांच्या देवीनंतर जगातून पुसला गेलेला हा दुसराच आजार. त्यात कुठल्याशा वाडीवरच्या एखाद्या बाईने खरं सांगितलं, त्याचाही वाटा आहे.

बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. गाड्यावाले तिथे थांबून नारळ वाढवतात. शिंगरोबा धनगर होता, घाटातून रेल्वेची वाट कुठून काढायची ते इंग्रजांना त्याने दाखवलं, असं आपल्याकडे सांगतात. त्याला ती वाट कशी माहीत होती? गुरांच्या मागे चालत होता म्हणून. आपणही जन्मभर गुरांच्या मागेच चालतो. आपल्यालाही पुष्कळ काही माहीत असतं, फक्त ते कुणी विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही.

आम्ही आता काय करतो ते सांगून थांबतो. गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी आम्ही एक साधी वही ठेवली आहे. शंभर पानी. दर बैठकीत प्रत्येकीने आपल्या गोठ्याचं, खुराड्याचं सांगायचं : किती गुरं, कुणाची लस कधी झाली, कुणाचा बिल्ला नाही, कोणतं जनावर नवं आणलं, काही वेगळं दिसलं का. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, मुली लिहितात. पावसाळ्याआधी लसीची यादी त्या वहीवरूनच दवाखान्यात जाते.

आणि एक ठराव केलाय, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. गटातल्या कुणाचं जनावर आजारी असेल आणि तिने त्याच दिवशी सांगितलं, तर जनावर बरं होईपर्यंत तिचे हप्ते थांबतील, त्यावर दंड नाही. ज्या पैशाच्या भीतीने आम्ही तिला गप्प केलं, ती भीती आधी काढायला हवी होती. नुसतं "कळवा, कळवा" म्हणून कुणी कळवत नाही. कळवलं तर आपलं काय होईल, हे बाईला ठाऊक असावं लागतं. तुमच्या गटातही असा ठराव करा, एवढी विनंती.

ती म्हातारी मावशी आता आमच्या बैठकीला येते. गटात नाही, तरी कोपऱ्यात बसते. या भाषणाच्या आधी आम्ही तिच्याकडे गेलो होतो. म्हटलं, मावशी, तुझ्या बैलाची गोष्ट रेडिओवर सांगू का? ती म्हणाली, "सांगा. पण तुमचे चार दिवस पण सांगा."

ते सांगितले.

उद्या सकाळी गोठ्यात गेलात की गायीच्या मानेवरून एकदा हात फिरवा. काही लागलं नाही तर देवाचे आभार माना. लागलं, तर १९६२.